एक खाच सकाळची, दोन खाचा रात्रीच्या

मित्रांनो, आमच्या औषधांच्या दुकानात आलात, तर काउंटरच्या कडेला खिळ्यावर लाल नाडीने लटकलेली एक कात्री तुम्हाला दिसेल. ती मी. मी आता जुनी झाले आहे. माझ्या एका मुठीचा काळा रंग उडाला आहे, पात्यांवर बारीक दाते पडले आहेत आणि उघडताना मी थोडी कुरकुरते. कुरकुर हा माझा मूळचाच स्वभाव आहे. त्याचा वयाशी काही संबंध नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. मला तापवले, ठोकले, पाण्यात बुडवले, दगडावर घासले. दोन वेगळी पाती एका स्क्रूने आयुष्यभरासाठी एकत्र बांधली. मग कारागिराने मला कानाशी धरून दोनदा उघडले, मिटले आणि आवाज ऐकून समाधानाने मान डोलावली. आपला आवाज चांगला आहे हे मला त्या दिवशी कळले आणि तेव्हापासून मला त्याचा थोडा गर्व आहे.

मला घरी नेले ते शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी. सगळे त्यांना टेलरबाई म्हणत. त्यांच्या घरात माझ्याबाबत एकच नियम होता. या कात्रीने फक्त कापड कापायचे. कागद नाही, दोरा बांधलेला पुडा नाही, काही म्हणजे काही नाही. एकदा त्यांच्या यजमानांनी मला वापरून वर्तमानपत्रातले एक चित्र कापले. टेलरबाईंनी त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी ते बिचारे मला धार लावून घेऊन आले, तेव्हा कुठे घरात बोलणे सुरू झाले. मला त्या वेळी किती बरे वाटले म्हणून सांगू!

टेलरबाईंचा हात फार नेमका होता. खडूची रेघ ओढायची आणि मी त्या रेघेवरून सरळ निघायचे. पण मला सगळ्यात आवडायचे ते खाचा द्यायचे काम. बाही कापून झाली की त्या माझ्या टोकाने तिच्या काठावर समोरच्या बाजूला एक बारीक खाच देत आणि मागच्या बाजूला दोन. मग शिवताना बाही उलटी लागत नसे. बघायचीही गरज नसे, बोट फिरवले तरी कळे. ही खाच पुढे शिवणीत झाकून जाते. कपडा घालणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो.

वर्षे गेली. यजमान गेले. टेलरबाईंची नजर मंद होत गेली. आधी सुईत दोरा जाईना, मग खडूची रेघ दिसेना. एकदा माझ्या हातून, म्हणजे त्यांच्या हातून, एका झग्याची पाठ बोटभर तिरकी कापली गेली. गिऱ्हाइकाच्या ते लक्षातही आले नाही. पण टेलरबाईंनी त्या दिवशी मशीनवर झाकण घातले आणि मला फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवले. आपल्याला दिसत नाही, हे मात्र त्यांनी कुणालाही सांगितले नाही. त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. जिन्याच्या पायऱ्या त्यांनी मोजून ठेवल्या होत्या. चौपन्न. समोरच्या औषधांच्या दुकानापर्यंत सव्वीस पावले. त्या अशा ताठ चालत, की बघणाऱ्याला वाटे, बाईंची नजर अजून तेज आहे.

दुकान चालवणाऱ्या औषधवाल्यांना सगळे काका म्हणत. त्यांच्याकडून टेलरबाई दोन गोळ्या नेत. साखरेची सकाळी घ्यायची आणि रक्तदाबाची रात्री. दोन्हींच्या पट्ट्या सारख्याच लांबीच्या, सारख्याच चकचकीत. एका दुपारी त्या दुकानाच्या पायरीवर मटकन बसल्या. अंगाला दरदरून घाम. सकाळची गोळी दोनदा घेतली गेली होती. काकांनी घाईघाईने साखरपाणी पाजले आणि त्यांच्या जिवात जीव आल्यावर हळूच विचारले, "बाई, दिसत नाही का तुम्हाला?"

"हळू बोला," टेलरबाई म्हणाल्या.

"मी मोठ्या अक्षरांत लिहून देतो."

"लिहून काय लोणचं घालू त्याचं? आणि ती तुमची कात्री आधी फेका. मघापासून ऐकतेय. कापत नाही ती, चावते."

दुसऱ्या दिवशी टेलरबाई मला फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या. काउंटरवर चाचपून त्यांनी दोन पट्ट्या हातात घेतल्या. एकीच्या काठाला एक खाच दिली, दुसरीच्या काठाला दोन. "आम्ही बाहीला देतो तशी," त्या म्हणाल्या. "एक सकाळची, दोन रात्रीच्या. गोळीपासून लांब, फक्त काठाला. माझं बोट सांगेल मला. आणि कात्री तुमच्याकडेच राहू दे. घरी तिला काम नाही."

मित्रांनो, खरे सांगते, मी संतापाने लाल झाले होते. ज्या पात्यांनी ते एक चित्र सोडले तर कधी कागदाला स्पर्श केला नाही, त्यांनी आता चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या गोळ्या कापायच्या? पहिले सहा महिने मी मुद्दाम अडून बसायचे. पण काका शांत माणूस. ते मला दर आठवड्याला तेलाचा एक थेंब देत. कुणाला चारच गोळ्या हव्या असल्या, तर पट्टी अशा बाजूने कापत की औषधाचे नाव आणि तारीख शेवटच्या गोळीपर्यंत शाबूत राहावी. "नाव कापलं की औषध अनाथ होतं," असे ते म्हणत. हळूहळू माझा राग विरघळला. टेलरबाई महिन्यातून एकदा येत, पट्टीच्या काठावरून अंगठा फिरवत आणि काही न बोलता पिशवीत टाकत. त्यांच्या चेहऱ्यावर जरासे हसू येई. ते मी आणि काका, दोघेच बघत असू.

पुढे काकांनी आणखी काहींना ही सोय करून दिली. ज्यांना वाचता येत नसे, ज्यांना चष्म्यातूनही अंधुक दिसे, अशांना. काका त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत आणि मारता मारता खाचा देत. शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ते ताकास तूर लागू देत नसत. कुणाची लाज उघडी पडू नये, म्हणून त्यांनी हे ना कुठे लिहिले, ना कुणाजवळ बोलले.

आणि मग ती साथ आली.

रस्ता एका दिवसात रिकामा झाला. सगळी दुकाने बंद झाली, आमचे तेवढे उघडे राहिले. काकांना जुना दमा होता. घरात बैठक बसली आणि निकाल लागला की, काकांनी उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायचे नाही. दुकान सूनबाई सांभाळतील. त्या औषधशास्त्र शिकलेल्या होत्या आणि संध्याकाळी दुकानात मदतीला येत असत. काकांनी त्यांना फोनवरून इतक्या सूचना दिल्या, की लिहून घेता घेता एक वही अर्धी भरली. शटर कोणत्या बाजूने ढकलायचे, तिसरा खण का अडकतो, कोणते डॉक्टर वाचता न येणारे अक्षर काढतात आणि त्या अक्षराचा अर्थ काय. सगळे सांगितले. खाचांचे तेवढे सांगितले नाही. लपवायचे म्हणून नव्हे. ते त्यांच्या हाताला इतके सवयीचे झाले होते, की ते सांगायचे असते, हेच त्यांच्या डोक्यात आले नाही.

सूनबाई कामाला वाघ होत्या. त्यांनी दारात आडवे टेबल लावले, त्यापुढे दोरी बांधली, रस्त्यावर खडूने गोल आखले. दवाखाने बंद होते, म्हणून लोक चिठ्ठीचा फोटो फोनवर पाठवू लागले. चिठ्ठीची मुदत संपली असेल, तर सूनबाई स्वतः डॉक्टरांना फोन लावून विचारत. लोकांना सारखे बाहेर पडावे लागू नये, म्हणून दहा दिवसांच्या ऐवजी महिन्याच्या गोळ्या एकदम देऊ लागल्या. एक अडचण मात्र मोठी गमतीची झाली. दोरीपलीकडून, तोंडावर मास्क लावून, प्रत्येकाला आपले दुखणे ओरडून सांगावे लागे. एक करारी मुख्याध्यापक होते. त्यांना तीनदा "पोट साफ होत नाही" असे ओरडावे लागले आणि रांगेतून कुणीतरी उपायही ओरडून सांगितला. त्या दिवसापासून सूनबाईंनी नियम केला, दोरीपाशी उभे राहून मला फोन करायचा. मग सहा फुटांवर समोरासमोर उभी राहिलेली दोन माणसे एकमेकांशी फोनवर कुजबुजत. मी हसून हसून खिळ्यावर हलायचे.

माझे हसणे फार दिवस टिकले नाही. सूनबाई दिवसातून दहादा सगळे पुसून काढत. त्या औषधी पाण्याने माझ्या स्क्रूभोवती गंज धरला. एक दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "हिला किती जणांचे हात लागलेत कोण जाणे. आणि आता पट्ट्या कापायच्याच कुठे आहेत!" मी खणात गेले. तिथे संपलेल्या बॅटऱ्या होत्या, रबरबँड होते, एक वाळलेला शिक्का होता. खण जरासा उघडा राही, म्हणून मला बाहेरचे ऐकू येई आणि थोडे दिसेही. सूनबाईंनी आता नवी पद्धत काढली होती. प्रत्येकाचे औषध वेगळ्या कागदी पाकिटात, वर ठळक छापलेली चिठ्ठी. नाव, वेळ, जेवणाआधी की नंतर. फार सुंदर पाकिटे होती ती. डोळे असणाऱ्यांसाठी त्याहून चांगले काही नव्हते.

एका सकाळी त्यांनी टेलरबाईंची दोन पाकिटे भरली. मी फटीतून बघत होते. तीन पट्ट्या एका पाकिटात, तीन दुसऱ्यात. काठ कोरे. मित्रांनो, मला दोन पाती आहेत, धार आहे, आवाज आहे. पण त्या दिवशी मला "थांबा" एवढा एक शब्द म्हणता आला नाही. दुकान उघडण्याआधी सूनबाई समोर गेल्या. टेलरबाईंनी खिडकीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडली आणि पाकिटे वर गेली.

सूनबाईंची आणखी एक चांगली सवय होती. एकटे राहणाऱ्यांना त्या मधूनमधून फोन करत. दोन्ही हातांनी पाकिटे भरता यावीत म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवत, त्यामुळे मलाही सगळे ऐकू येई.

"आजी, पाकिटं मिळाली ना? सगळं मोठ्या अक्षरांत छापलंय हं."

"मिळाली हो. छान आहेत." मग जरा थांबून, "काका कधी येणार गं दुकानात?"

"बाबांना आम्ही घरात कोंडलंय. येतील थोड्या दिवसांत. काही निरोप आहे का?"

"नाही गं. सहज विचारलं."

मी ओळखले. त्यांच्या हातात दोन प्रकारच्या कोऱ्या पट्ट्या होत्या, आणि कोणती कोणती ते कळत नव्हते. एकदा चुकल्यावर काय होते, हे त्यांना ठाऊक होते. अंदाजाने गोळी घेण्यापेक्षा त्यांनी एकही न घेण्याचे ठरवले. काका आज येतील, उद्या येतील, मग हळूच त्यांनाच विचारू. इतकी वर्षे ताठ चालून राखलेली गोष्ट त्या फोनवर, एका पोरीसमोर, कशी उघड करणार? मला त्यांचा राग आला आणि तेवढीच त्यांची दयाही आली.

अकरा दिवस गेले. मी ते खणात मोजले. बाराव्या दिवशी सूनबाईंनी नवीन पद्धत सुरू केली. उरलेल्या गोळ्या मोजून सांगायला लावायच्या, म्हणजे पुढची पाकिटे कधी भरायची ते कळते. टेलरबाईंनी फोन उचलला तेव्हा त्यांचा आवाज जड होता.

"आजी, किती उरल्या, जरा मोजून सांगता?"

बराच वेळ पट्ट्यांची चुरचुर ऐकू आली. टेलरबाई खोटे बोलू शकल्या असत्या. पण मोजायला सांगितले की मोजायचेच, ही त्यांची हाडीमासी भिनलेली सवय होती. कापड मोजताना त्या कधी बोटभरही खोटे बोलल्या नव्हत्या.

"तीस," त्या म्हणाल्या. "आणि या तीस."

सूनबाईंचा हात थांबला. "म्हणजे? अहो, एकही घेतली नाही तुम्ही?"

"खाच नाहीये गं त्यांना."

"कसली खाच?"

आणि मग टेलरबाई बोलल्या. आधी अडखळत, मग धडाधडा, जणू उसवलेली शिवण एकदम सुटत गेली. डोळ्यांचे, पायऱ्यांचे, बाहीचे, माझे. शेवटी म्हणाल्या, "पाय सुजलेत जरा. डोकं दुखतंय. पण तू घाबरू नकोस, पोरी. तुझी काही चूक नाही. मीच बोलले नाही."

सूनबाईंनी खण इतक्या जोरात ओढला, की बॅटऱ्या जमिनीवर गडगडल्या. त्यांनी मला उचलले, पुसले, रक्तदाबाचे मशीन पिशवीत टाकले. साथ सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच भर सकाळी शटर खाली आले. वर कागद चिकटवला, "अर्ध्या तासात येते." रांगेतल्या मुख्याध्यापकांनी काय झाले म्हणून विचारले. सूनबाईंचा चेहरा बघून ते म्हणाले, "तुम्ही जा. रांग मी सांभाळतो." आणि त्यांनी ती खरोखर शाळेसारखी सांभाळली म्हणे.

चौपन्न पायऱ्या सूनबाई धावत चढल्या. दार उघडेच होते. टेलरबाई झाकलेल्या शिलाई मशीनपाशी खुर्चीत बसल्या होत्या. चेहरा फुगलेला, पावले सुजलेली. सूनबाईंनी हातमोजे घातलेल्या हातांनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. किती आठवड्यांनी त्यांना माणसाचा हात लागला होता, तोही रबरातला. टेलरबाईंनी तो हात क्षणभर धरून ठेवला. मशीनवरचे आकडे बरेच वर गेले होते. डॉक्टरांनी फोनवर सगळे ऐकून घेतले. आत्ता रक्तदाबाची एक गोळी द्या, उद्यापासून दोन्ही नेहमीसारख्या सुरू करा, आठवडाभर रोज तपासा, आणि छातीत दुखले किंवा बोलताना जीभ जड झाली, तर क्षणभरही थांबू नका, असे त्यांनी सांगितले. आणखी चार दिवस गेले असते तर मला वेगळेच सांगावे लागले असते, असेही म्हणाले.

टेलरबाईंची गोळी घेऊन झाल्यावर सूनबाईंनी मला हातात घेतले आणि पट्टीला खाच द्यायला गेल्या. खाच थेट गोळीच्या घरात घुसली. आवाज ऐकून टेलरबाईंनी मान वर केली.

"ही माझी कात्री आहे ना?"

"हो, आजी."

"आण इकडे. हिचं तेल कुणी बंद केलं?"

सूनबाईंनी मला स्टुलावर ठेवले आणि त्या दारापर्यंत मागे सरकल्या. कित्येक वर्षांनी ती बोटे माझ्या मुठीत आली. मित्रांनो, मी गंजले होते, बोथट झाले होते, तरी त्या हाताला मी अडले नाही.

"उजव्या हाताला सकाळच्या आहेत," दारातून सूनबाई म्हणाल्या.

टेलरबाईंनी त्यांतल्या प्रत्येक पट्टीला एक खाच दिली. मग डाव्या हाताच्या तीन पट्ट्यांना दोन दोन. एकही गोळी दुखावली नाही. मग त्यांनी सूनबाईंना एका रिकाम्या पट्टीवर दहा वेळा सराव करायला लावला आणि सहावी खाच तिरकी आली म्हणून रागावल्याही.

खाली उतरताना सूनबाई जिन्यातच थबकल्या. त्यांनी काकांना फोन लावला. "बाबा, खाचा आणखी कुणाला देत होता तुम्ही?"

काका म्हणाले, "अरे देवा. सांगितलंच नाही मी तुला." शांत काकांचा आवाज असा कापताना मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी सहा जण आठवून सांगितले. संध्याकाळपर्यंत सूनबाईंनी सहाही जणांना गाठले. चौघांच्या जुन्या पट्ट्या अजून संपल्या नव्हत्या. एकाने शेजारच्या मुलीकडून चिठ्ठी वाचून घेतली होती. रात्रपाळीचे एक रखवालदार मात्र दोन्ही गोळ्या एकदम घेऊन आठवडाभर भिंतीला धरून चालत होते. ते बरे झाले, पण त्यांच्या पट्ट्या सूनबाई आजही दोनदा तपासतात.

आता साथ ओसरली आहे. दोरी सुटली, टेबल आत गेले. फोनवरून चिठ्ठी पाठवण्याची सोय मात्र राहिली, एकट्या माणसांना फोन करण्याची पद्धतही राहिली. काका सकाळी दोन तास येऊन बसतात. मी पुन्हा माझ्या खिळ्यावर आहे आणि मला पुन्हा तेल मिळते. कापड मात्र माझ्याने आता कापवत नाही, चुरगळते. परवा टेलरबाईंनी माझ्या धारेवरून अंगठा फिरवला आणि हे त्यांनाही कळले. "असू दे," त्या म्हणाल्या. "कामाने झिजलीय ती."

मित्रांनो, तुमच्या घरातही अशी कुणाची बोटे असतील, ज्यांना पुष्कळ ठाऊक असते आणि जी कधी सांगत नाहीत. त्यांना वेळ असताना विचारून ठेवा. माझ्यासारख्या जुन्या वस्तूला खणात टाकण्याआधी, ती कुणाच्या काय कामी येते, तेही एकदा विचारा.

आणि कुणासाठी काही प्रेमाने तयार कराल, तेव्हा सूनबाई करतात तसे करून बघा. टेलरबाईंचे पाकीट भरले की त्या ते लगेच बंद करत नाहीत. आधी पट्टी हातात घेतात, डोळे मिटतात आणि काठावरून अंगठा फिरवतात. एक लागली, की सकाळचे पाकीट चिकटवतात.